कालव्याच्या शेवटाला ओझर, ओझरच्या पुढे नदी

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालात की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. बाहेरगावच्या माणसाला ओझर म्हणजे मिग विमानांचा कारखाना. जुन्या कागदपत्रांत याच गावाचे नाव ‘ओझर तांबट’ असे सापडते, कारण तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर इथे होते. आज आपल्याला विमानांशी काम नाही आणि हंड्याशीही नाही. हंड्यात जे पाणी येते त्याच्याशी आहे.

शेतकरी बंधूंनो, तुमची जमीन कालव्याच्या शेवटाला असेल, आपल्या भाषेत टेलला असेल, तर पुढची हकीकत तुम्हाला नवी वाटायची नाही. निदान पहिला अर्धा भाग तरी. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण झाले. त्याचा उपयुक्त साठा २३०२ दशलक्ष घनफूट. डावा कालवा लहान, पंधराएक किलोमीटरचा. उजवा कालवा मात्र सुमारे ४५ किलोमीटर धावतो आणि ओझरच्या शिवारात येऊन संपतो. म्हणजे पाणी येईल तेव्हा सगळ्यात शेवटी ओझरला, आणि संपेल तेव्हा सगळ्यात आधी ओझरचे. १९८० च्या आसपास कालव्याला पाणी सुटू लागले. नकाशात ओझरची जमीन ‘लाभक्षेत्र’ म्हणून रंगवलेली होती. लाभक्षेत्राचे शिक्के बसले, पोटचाऱ्या खोदल्या गेल्या, आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे त्या चाऱ्यांत गवत वाढले.

पाणी का येत नव्हते, हे समजून घ्या. कोणी मुद्दाम दावा धरला होता असे नाही. आपल्याकडची पद्धतच तशी. ज्याला पाणी पाहिजे त्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, खात्याने मंजूर करायचा आणि पाणीपट्टी आकारायची ती पिकावर आणि क्षेत्रावर. एकरभर गव्हाला तुम्ही तीन इंचाची पाळी दिलीत काय किंवा रात्रभर दारे उघडे ठेवून बांध फोडलेत काय, पट्टी तेवढीच. मग माथ्यावरचा माणूस हात राखून पाणी कशाला घेईल? त्यात मातीचा कालवा, वाटेत गळती, दारे मोडलेली, चारीला उंदराची बिळे. हेडच्या पोराने रात्री दगड सरकवला की टेलची पाळी गेली. पाटकरी एक, चारी दहा. तो तरी कुठे कुठे पुरणार?

ओझरला ‘समाज परिवर्तन केंद्र’ नावाची संस्था होती, आजही आहे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ही तिथली माणसे. बापूसाहेब समाजवादी विचारांचे, आज ते हयात नाहीत. त्यांनी मोर्चा काढून ‘पाणी द्या’ म्हणण्याऐवजी दुसरीच मागणी पुढे केली. आमच्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्या, मोजलेल्या पाण्याचे पैसे आम्ही एकरकमी भरतो, पुढे ते कोणाला किती द्यायचे ते आमचे आम्ही बघतो. हे १९९० च्या सुमाराचे सांगतो. तेव्हा असा कायदा नव्हता. सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची आणि पाटबंधारे खात्याशी करार करायचा, एवढाच मार्ग होता. मुळा कालव्यावर दत्त पाणी वापर संस्थेने नगर जिल्ह्यात त्याच काळात असा प्रयोग सुरू केला होता. पुण्यात पाण्याचा अभ्यास करणारी ‘सोपेकॉम’ ही संस्था १९९१ मध्ये उभी राहिली आणि तिच्याकडच्या निवृत्त इंजिनिअर मंडळींनी ओझरला पुढे पुष्कळ साथ दिली.

ओझरला तीन संस्था झाल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. तिसरे नाव लक्षात ठेवा, कारण खरी गंमत त्या नावात आहे.

मोजल्याशिवाय भांडण मिटत नाही

मोजून पाणी म्हणजे काय? पुष्कळ गावांत सरपंच, ग्रामसेवकांनाही हा हिशोब नीट येत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही, कोणी कधी शिकवलाच नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. असा एक क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की ८६,४०० घनफूट पाणी होते. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २४ लाख ४६ हजार. शेताच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या पाण्यात सुमारे आठ एकराला तीन-तीन इंचाची पाळी बसते. तुमच्या चारीला एक क्युसेक येत असेल आणि चोवीस तासांत चारच एकर भिजत असेल, तर उरलेल्या चार एकरांचे पाणी कुठे गेले ते शोधायला तुम्हाला कोणा साहेबाची गरज नाही. चारीच्या कडेने चालत जा.

आता हाच हिशोब धरणाला लावा. वाघाडचे लाभक्षेत्र साडेनऊ हजार हेक्टरांच्या घरात आहे. धरण काठोकाठ भरले आणि थेंबही वाया न जाता सगळे पाणी सारखे वाटले, तर दर एकरी सुमारे २७ इंच पाणी येते. त्यातून उन्हाने वाफ होऊन जाणारे वजा करा, पिण्याचे वजा करा, कालव्यात मुरणारे वजा करा. मातीच्या कालव्यात निम्मे पाणी वाटेत गेले तरी कोणी नवल मानत नाही. निम्मे धरले तरी हातात राहतात तेरा-साडेतेरा इंच. तीन इंचाची एक पाळी धरली तर चार पाळ्या, फार तर त्याहून थोडे जास्त. गहू-हरभऱ्याला एवढे पाणी म्हणजे सोने. उसाला लावाल तर काहीच नाही. ही आकडेमोड कागदावर मांडली की गावातली निम्मी भांडणे बसल्या जागी विरघळतात, कारण मग प्रश्न ‘मला पाणी का नाही’ असा राहत नाही, ‘आपल्या वाट्याच्या पाण्यात काय पेरायचे’ असा होतो.

ओझरच्या संस्थांना करारात जे मिळाले ते हेच. वर्षाचा ठरावीक कोटा, घनफळावर. पीक कोणते घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. रब्बीत वाचवलेले पाणी उन्हाळ्यात वापरता यायचे. ही शेवटची अट फार मोलाची आहे. पूर्वी वाचवलेले पाणी म्हणजे गेलेले पाणी, आता वाचवलेले पाणी म्हणजे खात्यावर शिल्लक. बँकेत पैसा ठेवतो तसे.

पण कोटा हातात आल्यावर एक अडचण पुढे आली. कालव्याचे पाणी वर्षातून मोजक्या पाळ्यांनी येते. पंधरा दिवस आहे, मग महिना-दीड महिना नाही. बाजरी-गव्हाला ते चालते. द्राक्षाला चालत नाही, भाजीपाल्याला तर मुळीच नाही. पाणी शिलकीत आहे आणि वेलाला लागेल तेव्हा कालवा कोरडा, याला काय करायचे?

इथे बाणगंगा कामाला आली.

नदी हेच गोदाम

बाणगंगा काही बारमाही नदी नाही. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून जाते आणि मग हळूहळू आटते. दिंडोरी तालुक्यातून ओझरवरून सुकेण्याकडे जाते, पुढे गोदावरीला मिळते. या खोऱ्यात बंधारे बांधून पाट काढायची रीत फार जुनी. आपल्या जिल्ह्यात बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, शेजारी धुळ्यात पांझरेवर ‘फड’ पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. तिथे पाटकरी, जागले गावच नेमत असे, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे तेही गावच ठरवी. एक फड एका पिकाचा. ज्याला हे पटत नसे त्याच्याकडे पाणी सोडून काढण्याची हिंमत नव्हती, कारण पाट गावाचा होता. सांगायचा मुद्दा, पाणी वापर संस्था ही काही परदेशातून आणलेली चीज नाही. आपले आजोबा-पणजोबा तीच चालवत होते, फक्त रजिस्टर नंबर नव्हता.

ओझरच्या संस्थांनी बाणगंगेवरचे आणि नाल्यांवरचे बंधारे दुरुस्त करून घेतले, काही नव्याने झाले. पावसाळ्यात धरण भरून जास्तीचे पाणी वाहून जायला लागले की ते कालव्यात घ्यायचे आणि बंधारे भरून घ्यायचे. रब्बीच्या पाळीत वाचलेले पाणीही बंधाऱ्यांत सोडायचे. बंधाऱ्यातून ते जमिनीत मुरते आणि दोन्ही काठच्या विहिरींत उतरते. वेलाला लागेल त्या दिवशी शेतकरी आपल्या विहिरीवरून उपसतो. कालवा चालू आहे की बंद याच्याशी त्याचे देणेघेणे राहत नाही.

एक लहान बंधारा किती पाणी धरतो याचाही अंदाज घ्या. समजा फुगवटा पाचशे मीटर, पात्राची रुंदी वीस मीटर आणि सरासरी खोली एक मीटर. पाणी झाले दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. वरच्या हिशोबाने एका क्युसेकचे चार दिवस. ऐकायला थोडे वाटते. पण तोच बंधारा हंगामात तीन वेळा मुरला आणि तीन वेळा भरला तर बारा दिवसांचे पाणी जमिनीखाली गेले, आणि जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही.

मात्र सगळीकडे हे साधत नाही, हेही सांगून ठेवतो. आपला मुलूख काळ्या पत्थराचा. पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. बंधाऱ्याखाली मुरूम असेल तर पाणी झपझप खाली जाते. चिकण काळी माती असेल तर ते नुसते उभे राहते, आणि अखंड कातळ असेल तर डबके होते, डास होतात, दुसरे काही होत नाही. म्हणून बंधाऱ्याची जागा आमदाराच्या कार्यकर्त्याने दाखवायची नसते. दोन्ही काठच्या विहिरींचे थर बघायचे, उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी किती हात खाली जाते ते विचारायचे, मग ठरवायचे. आणखी एक. नदीतली वाळू हीच पाण्याची पेटी. वाळू उपसून नेलेल्या नदीवर दहा बंधारे बांधलेत तरी जुनी नदी परत यायची नाही. तलाठी आणि पोलीस पाटील हे वाचत असतील तर त्यांनी एवढी ओळ दोनदा वाचावी.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची गोष्ट तर जिल्ह्यात सगळ्यांना माहीत. पावसाळा सरता सरता फळ्या बसवायच्या, पुढच्या पावसाच्या आत काढायच्या. फळ्या पंधरा दिवस उशिरा बसल्या तर बंधारा रिकामा, काढायला उशीर झाला तर पुराने काठ खाल्ला. आणि निम्म्या गावांत फळ्याच जागेवर नसतात! रबरी पट्टी गेलेली असते, नाहीतर लोखंड भंगारात गेलेले असते. सिमेंटवर लाखो रुपये खर्च होतात आणि हजार-पाचशेच्या रबरासाठी पाणी निघून जाते. जिथे पाणी वापर संस्था जागती असते तिथे हे काम कोणाचे हा प्रश्न पडत नाही.

विहिरीचे पैसे

आता सगळ्यात कठीण भाग. विहीर माझी, मोटार माझी, वीजबिल मी भरतो, मग संस्थेला पैसे कशाचे? हा प्रश्न तुम्हीही विचारला असता. मीही विचारला असता.

ओझरच्या संस्थांनी असे धरले की कालव्याचे आणि बंधाऱ्याचे पाणी मुरून विहिरीत आले, ते सभासदांच्या सामाईक कोट्यातले पाणी आहे. तेव्हा विहिरीवर भिजणाऱ्या क्षेत्रालाही आकारणी झाली पाहिजे. आणि सभासदांनी ती मान्य केली. माझ्या मते वाघाडच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोठी आहे. धरण सरकारने बांधले, कालवा सरकारने खोदला, बंधाऱ्याला निधीही कुठून ना कुठून मिळतो. पण स्वतःच्या विहिरीतले पाणी आपले एकट्याचे नाही, असे स्वतःच्या हाताने कागदावर लिहून देणे हे निधीने होत नाही. त्यासाठी रात्री-रात्री ओट्यावर बैठका घ्याव्या लागतात. आधी दहा-पाच वर्षे पाणी आणून दाखवावे लागते, मग लोक खिशात हात घालतात.

एक सोपे कारणही आहे. संस्थेला पाटकऱ्याचा पगार द्यायचा असतो, चारी साफ करायची असते, दारे दुरुस्त करायची असतात. केवळ कालव्यावरून थेट पाणी घेणाऱ्यांच्या पट्टीत ते भागत नाही, कारण ज्याची विहीर भरली तो सात नंबरचा अर्ज भरायचेच बंद करतो. म्हणजे संस्था जितकी चांगली चालेल तितके तिचे उत्पन्न कमी! हा पेच ज्यांनी वेळीच ओळखला नाही त्या संस्था राज्यात ठिकठिकाणी कागदावर उरल्या. कुलूप लावलेले कार्यालय, गंजलेला बोर्ड, आणि अध्यक्षांना विचारावे तर ते म्हणतात निवडणूक झाली तेव्हा गेलो होतो.

ओझरच्या शेवटाला पाणी पोचते हे दिसल्यावर मधल्या आणि माथ्यावरच्या गावांनी विचार सुरू केला. एकेक करत वाघाडवर २४ संस्था झाल्या आणि २००३ साली त्यांनी मिळून प्रकल्पाची एक संस्था काढली. धरणाच्या दाराच्या खाली सगळ्या कालव्यांचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती देणारा वाघाड हा राज्यातला पहिला प्रकल्प. हे माथ्यावरच्या गावांनी का मान्य केले असेल, असा विचार मनात येतो. त्यांना तर आधीच पाणी मिळत होते. उत्तर असे की मिळत होते पण खात्रीने मिळत नव्हते. पाळी कधी सुटेल, किती दिवस चालेल, मध्येच बंद होईल का, याचा भरवसा नसेल तर हेडचा माणूसही द्राक्ष लावायला धजत नाही. तो हावऱ्यासारखे पाणी घेतो ते भीतीने. कोटा लेखी झाला, तारीख आधी कळू लागली की ती भीती जाते.

पुढे २००५ साली ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ आला. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला. ओझरला करारावर जे चालले होते, ते पुष्कळसे त्या कायद्यात आले. पाण्याचा हक्क घनफळावर, पिकाचे स्वातंत्र्य, संचालक मंडळात माथा, मध्य आणि पायथा यांना सारख्या जागा, अध्यक्षपद तिन्ही भागांत फिरते, महिलांना जागा. आपल्या गावच्या संस्थेची घटना कोणाकडे असेल तर काढून वाचा. पायथ्याचा अध्यक्ष कधी झाला होता का, एवढेच बघा.

पाण्याला पुढचे गाव असते

आतापर्यंत आपण ओझरपर्यंत पोचलो. पण पाणी ओझरला थांबत नाही. बाणगंगा गोदावरीला जाते. इकडे कोळवण कादवेला मिळते, आणि कादवा-गोदावरीच्या संगमावर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. म्हणजे आपल्या शिवारातून सुटलेले किंवा न सुटलेले पाणी शेवटी तिथे दिसते.

हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, १९११ च्या सुमारास झालेला. काम एकच. पाणी वळवून गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचे. पक्ष्यांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. पण शंभर वर्षे दोन नद्यांचा गाळ तिथे साठला. गाळाची बेटे झाली, बेटांवर गवत आणि पाणवनस्पती वाढल्या, उथळ पाणी राहिले, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून पाखरे उतरू लागली. चक्रवाक, बदके, रोहित, आणि आपला काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. डॉ. सलीम अली यांनी याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. १९८६ साली अभयारण्य झाले. २०१९ साली रामसर करारात जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंद झाली, ते २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले. राज्यातली ही पहिली. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर.

तुम्ही म्हणाल, पाखरांचे आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे, आणि चांदोरी-सायखेड्याचा शेतकरी तर तो आणखी रागाने विचारील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचा पूर या गावांत शिरला होता. बंधाऱ्यात गाळ साठल्याने पुराचा फुगवटा मागे येतो, दारे वाढवा, गाळ काढा, ही तिथल्या लोकांची मागणी जुनी आहे. ज्या गाळावर पाखरे बसतात तोच गाळ त्यांच्या ओट्यावर पाणी आणतो. हे दोन्ही खरे आहे, आणि कोणी एकच बाजू सांगत असेल तर त्याने तिकडे पावसाळ्यात एकदा मुक्काम करावा.

पण गाळ येतो कुठून? वरच्या शिवारातून. बांध नसलेल्या उतारावरून, नदीकाठापर्यंत नांगर घातलेल्या जमिनीतून. आणि पाण्यावर हिरवी चादर पसरते ती पाणवेल कशावर पोसते? गावांच्या, शहरांच्या सांडपाण्यावर आणि आपण वेलीला घातलेल्या, पावसाने धुऊन नेलेल्या खतावर. खत पैसे देऊन आणायचे आणि ते नदीत पाणवेलीला घालायचे, हा धंदा कोणाला परवडतो? नदीकाठाला दहा-पंधरा फूट गवताची पट्टी सोडली तरी माती आणि खत दोन्ही पुष्कळ अडतात. एवढी जमीन सोडायला जीव होत नाही, माहीत आहे. पण काठ नदी खाते तेव्हा ती जमीन तशीही जाते.

पाणथळीला नुसते पावसाळ्यातले लोंढे पुरत नाहीत. पाऊस संपल्यावर नदीत जो झिरपा येतो, तो तिला जिवंत ठेवतो. हा झिरपा काठच्या भूजलातून येतो. विहिरींची पातळी नदीच्या तळाच्या वर असेल तर विहिरीकडून पाणी नदीत येते. पातळी खाली गेली तर नदीचे पाणी विहिरीकडे ओढले जाते आणि पात्र कोरडे पडते. तेव्हा बंधाऱ्यात मुरवलेल्या पाण्याचा थोडा भाग पुढच्या गावाचा आहे आणि थोडा नांदूरच्या बेटांचा. त्याचे बिल कोणाला पाठवता येत नाही, हे मान्य.

खालच्यांचा हक्क आता कायद्यातही आहे. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे प्राधिकरणाने २०१४ साली ठरवून दिले. त्यावरून नाशिकमध्ये किती आंदोलने झाली ते सांगायला नको. आम्हीही ओरडलो. पण ओझरचा माणूस त्यात जरा अडचणीत येतो, कारण वीस वर्षे ज्याने ‘टेलला आधी पाणी द्या’ म्हणून भांडण केले, त्याच्यापुढे आता मराठवाडा टेल म्हणून उभा आहे. वाघाडच्या माथ्याला जे उत्तर ओझरने दिले तेच उत्तर पैठणकर ओझरला देऊ शकतात.

नवे भगदाड

मग आता सगळे आलबेल आहे का? नाही. द्राक्षाने पैसा आणला, पैशाने ठिबक आणले. ठिबकने पाणी वाचते, यात वाद नाही. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर लावतो, हेही आपण बघतोच. म्हणजे उपसा तेवढाच, आणि मोकाट पाण्यातून जे थोडे खाली मुरत होते तेही बंद.

दुसरे शेततळे. खोल खड्डा, आत प्लास्टिकचा कागद. मुळात योजना अशी की पावसाचे पाणी त्यात साठावे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ते विहिरीवरून, बोअरवरून किंवा पाळीच्या वेळी कालव्यावरून भरले जाते. जमिनीखालचे, उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, आणि खाली कागद, म्हणजे मुरायला वाट नाही. एकट्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चुकत नाही. बाग वाळली तर कर्ज कोण फेडणार? पण शंभर शेतकऱ्यांनी शंभर तळी भरली की बंधाऱ्याच्या काठची विहीर जानेवारीतच तळ गाठते, आणि ज्याला तळे करायची ऐपत नाही त्याच्यापुरता तो पुन्हा १९८५ साली जाऊन पोचतो. विहिरीच्या पाण्याला आकारणी करून जे सामाईक केले, ते प्लास्टिकच्या कागदाने पुन्हा खासगी होते. संस्थांनी शेततळ्याचे घनफळ कोट्यात धरावे, असे मला वाटते. बैठकीत हे बोलून पाहा, खुर्च्या सरकतील.

तिसरे, कालव्याला लावलेल्या मोटारी आणि विहिरींच्या शेजारी खोल गेलेल्या बोअर. मोजयंत्र चारीच्या तोंडाशी असते. तिच्या आधीच मोटार बसली तर मोजणार काय?

तुमच्या गावात संस्था असेल तर येत्या हंगामाआधी चार कामे करता येतील, आणि त्यांना निधी लागत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक होण्याआधी आपला लेखी कोटा आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात मोजून मिळालेले पाणी, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. बंधाऱ्याच्या फळ्या आणि रबर आत्ताच मोजून घ्या. काठच्या पाच-सहा विहिरी निवडून दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी लिहून ठेवा. हे काम शाळेची मुले आनंदाने करतात आणि मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. आणि पाळी सुटली की पहिल्या रात्री माथ्याच्या दोन आणि पायथ्याच्या दोन माणसांनी मिळून चारीवर फेरी मारा, वेगवेगळी नको.

संस्था नसेल तर एकदा ओझरला जाऊन या. उन्हाळ्यात जाऊ नका, रब्बीचे आवर्तन चालू असताना जा. आधी चारीच्या तोंडाचे मोजयंत्र बघा, मग शेवटच्या शेतापर्यंत पायी चाला, परतताना बाणगंगेवरचे बंधारे बघा. सोबत माथ्याचा एक गडी घेऊन जा. नुसती टेलची माणसे गेली तर गावात परत आल्यावर कोणी ऐकणार नाही.